ओळख न दाखवण्याचा नियम

मंगळवार, ९ जानेवारी

ठोंब्या,

कसं वठवलं मी नाटक? सांग ना!

काल तुम्ही तिघं आत शिरलात तेव्हा मी कढईत मासे सोडत होते. शेजारी उभ्या चिमणीने कोपराने ढोसलं, दाराकडे मान केली. बघते तर तू. हात पुसून धावत पुढे येणारच होते, तेवढ्यात तुझं मागचं पत्र आठवलं. तूच लिहिलं होतंस ना, की शहरातल्या सगळ्या खाण्याच्या जागांचं पुस्तक करताय आणि त्याचा नियम फार कडक आहे. सांगून जायचं नाही, ओळख दाखवायची नाही, साध्या गिऱ्हाइकासारखं जेवून यायचं. मालकाला पत्ता लागला तर ते जेवण बाद. म्हटलं, बये, जागची हलू नकोस, पोराचं काम बिघडवशील.

आणि तूही काय कमी आहेस! माझ्याकडे असं बघितलंस की मी म्हणजे भिंत. "बाई, आज काय काय आहे?" म्हणालास. बाई! सहाव्या वर्षापासून विसाव्यापर्यंत माझ्या हातचं जेवलास आणि मला बाई म्हणालास. मी पण मग तोऱ्यात सांगितलं, "फळ्यावर लिहिलंय, वाचा." आत येऊन ओट्याला धरून हसले. चिमणी मात्र हसली नाही. तिला नाटकातलं काही कळत नाही.

त्या चष्मेवाल्या तुझ्या संपादिका ना? आणि तो ताटल्यांचे फोटो काढणारा काटकुळा माणूस, त्याला घरी कोणी जेवायला घालत नाही का? तुमचं टेबल पुसताना मी तुझ्याकडे दोनदाच बघितलं, तेही चोरून. वाळलायस. केस मागे सरकलेत. ते पुस्तकात लिहिणार नाहीस, म्हणून मी लिहिते.

आता खरं सांग. रस्सा कसा झाला होता? कांदा मी नेहमीपेक्षा थोडा जास्त परतला होता. फोन करू नकोस, मला हल्ली फोनवर नुसता समुद्र ऐकू येतो. पत्रच लिही.

आत्या


गुरुवार, ११ जानेवारी
(लिहून घडी घालून ठेवलं. टाकलं नाही.)

आत्या,

नियम खरा आहे, पण त्याचा दुसरा भाग मी तुला कधी लिहिला नाही. जागा ओळखीची किंवा नात्यातली असेल, तर ते आधी सांगायचं आणि आपण त्या जेवणाला जायचंच नाही. म्हणजे मी सोमवारी नियम पाळत नव्हतो. मोडत होतो.

तुझ्या खानावळीचं नाव संपादिकेने स्वतः शोधून आणलं. "स्टेशनच्या मागे, टायरच्या दुकानांच्या ओळीत एक म्हातारी बाई फार छान रांधते म्हणे, चला." त्याच वेळी "ती माझी आत्या" एवढे तीन शब्द बोलायचे होते. गाडीत बसलो, सिग्नल लागले, वळण आलं, तुझी पाटी दिसली. तोवर तीन शब्दांसाठी मला पंचवीस मिनिटं मिळाली होती.

का बोललो नाही ते लिहितो. चार वर्षांपूर्वी मी एका मासिकात लेख लिहिला, 'आमच्या आत्याचं जेवणाचं टेबल'. त्यात लांबलचक टेबल होतं, कडक इस्त्रीची पांढरी चादर होती, आणि पाककृतींची जाड पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवणारी एक आत्या होती. लोकांना तो फार आवडला. त्याच लेखामुळे मला हे काम मिळालं. मी जेवायचो ते चुलीशेजारी, उपड्या खोक्यावर बसून, पिठाच्या पोत्याला पाठ टेकून. ते खोकं लिहायला मला का लाज वाटली? गरिबीची लाज म्हणावी तर तू मला कधी उपाशी ठेवलं नाहीस. मग कसली? आज सकाळपासून तीनदा स्वतःला विचारलं, आणि तिन्ही वेळा उत्तर बदललं. यावरूनच कळतं की मी अजून खोटं बोलतोय.

तू माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवलास तेव्हा तुझ्या मनगटावरचा भाजल्याचा जुना डाग दिसला. मी मान खाली घातली आणि फळा वाचू लागलो. फळा माझ्या मागे होता.


सोमवार, १५ जानेवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून हसू आलं. तू छानच वठवलंस. मला वाटतं त्या दोघांना शंकासुद्धा आली नाही.

काम अजून खूप बाकी आहे. बंदराकडची बाजू संपली. तिथे बेटावरून आलेली दोन भावंडं एका होडीतच हॉटेल चालवतात. लाट आली की सगळ्यांनी आपापली वाटी धरायची. टेकडीवरच्या एका ठिकाणी काटे-चमचेच सात प्रकारचे मांडतात आणि वाढपी आपण कोणता उचलतो याकडे बघत उभा राहतो. जुन्या बाजारात डोंगरापलीकडच्या लोकांची एक खोली आहे, तिथे एकाच मोठ्या थाळीत अनोळखी माणसांबरोबर जेवावं लागतं. काल माझ्यासमोर एक वकील होता. त्याने माझ्या बाजूचे चांगले तुकडे उचलले आणि मला नुसती हाडं उरली.

रस्सा चांगला होता. त्याहून जास्त आत्ता लिहिणं नियमात बसत नाही. कोणती जागा घ्यायची ते आम्ही तिघं मिळून ठरवतो. तेव्हा पुस्तक येईपर्यंत तू कोणाला काही सांगू नकोस, एवढी विनंती.

काळजी घे. पंख्याखाली झोपू नकोस.

तुझा
ठोंब्या


मंगळवार, २० फेब्रुवारी

ठोंब्या,

तू सांगू नकोस म्हणालास तोवर मी अर्ध्या शहराला सांगून बसले होते. त्याला आता मी काय करू? पत्र सोमवारी लिहितोस आणि पोहोचतं गुरुवारी.

रोज कोणी ना कोणी म्हणतं, "आत्या, ते भाच्याचं सांगा." मग मी सांगते. तू कसा शिरलास, कसा बाई म्हणालास, मी कशी गुरगुरले. बसवाले दोघं तर पाठ करून बसलेत, माझ्या आधीच बोलतात, "फळ्यावर लिहिलंय, वाचा!" परवा टायरवाला म्हणाला, "तुमचा भाचा एवढा मोठा लेखक, आणि तुम्ही त्याला पाण्याचा तांब्या आपटून दिलात?" मी म्हटलं, "मोठा झाला तर काय डोक्यावर ओतू?"

भिंतींना रंग काढला. बाकांचे हलणारे पाय बसवून घेतले. चिमणी म्हणते, एवढा थाट कशाला? मी म्हटलं, पुस्तक वाचून लोक लांबून येतील, त्यांनी काय हलत बसायचं? फळासुद्धा नवा केला. अक्षर माझं वाईट, म्हणून शाळेच्या शिपायाकडून लिहून घेतलं. तो कांद्याला अनुस्वार द्यायला विसरला. तू येशील तेव्हा दे.

टायरवाला परत विचारत होता, जागा देता का, गोडाऊनला हवी. त्याला म्हटलं, पुस्तक येऊ दे, मग तूच इथे रांगेत उभा राहशील.

नात्यातलं म्हणून झुकतं माप टाकू नकोस हं. जसं आहे तसंच लिही.

आत्या


मंगळवार, १४ मे

ठोंब्या,

पुस्तक मिळालं. टायरवाल्याने आणून दिलं. भारी झालंय, कागद कसा गुळगुळीत. तुझं नाव पहिल्याच पानावर आहे, त्यावरून हात फिरवला.

आमचं नाही त्यात. आधी वाटलं, माझेच डोळे. मग चिमणीने बघितलं. मग बसवाल्यांनी एकेक पान उलटलं. एकशे अठरा जागा आहेत. पुलाखालचा चहावाला आहे, तू लिहिली होतीस ती होडीतली भावंडं आहेत, दवाखान्याच्या आवारातला सूपवाला आहे. आमची ओळ तेवढी नाही. एकाने रस्सा परत मागितला, मला बरं वाटावं म्हणून. ते काय मला कळत नाही?

तू वाईट वाटून घेऊ नकोस. तुम्ही तिघांनी ठरवलंत म्हणजे विचारानेच ठरवलं असेल. मीच म्हटलं होतं, झुकतं माप टाकू नकोस. टाकलं नाहीस, चांगलं केलंस. मी त्या दिवसाचं सगळं आठवून बघितलं. कांदा जास्त परतला होता, ते तुला लिहिलंच होतं. मासा सकाळचा होता, पण बर्फातला. मीठ? मिठाचं मला आता नक्की सांगता येत नाही. कान गेले तसं जिभेचंही हळूहळू जात असेल, आणि कानांचं निदान लोक ओरडून सांगतात. जिभेचं कोण सांगणार? गिऱ्हाईक गुपचूप दुसरीकडे जातं.

तुला तेव्हाच कळलं होतं ना? "रस्सा चांगला होता" एवढंच लिहिलंस. तू लहानपणापासून असाच. आवडलं की चार ओळी, नाही आवडलं की एक.

पुढचं पान वाचलं, सुरुवातीचं. त्यात एका आत्याचं लिहिलंयस, टेबलावर पांढरी चादर घालणारी, पुस्तकं वाचणारी. ही सूनबाईंची आत्या का? भेटलेली आठवत नाही. चांगली बाई दिसते.

आत्या


रविवार, १९ मे

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. तू उगाच मनाला लावून घेतेस. पुस्तकाची पानं ठरलेली होती, शेवटी छपाईच्या वेळी कितीतरी जागा गाळाव्या लागल्या. त्यात चांगल्या जागाही गेल्या. तुझ्या जिभेला काही झालेलं नाही. पुढच्या आवृत्तीत नक्की बघू.

प्रस्तावनेतलं काही फारसं मनावर घेऊ नकोस, तसं लिहायची पद्धत असते.

सध्या कामाची गडबड आहे. सवडीने सविस्तर लिहितो.

तुझा
ठोंब्या


बुधवार, १२ जून

दादांना नमस्कार.

मी चिमणी. बाईंना न सांगता लिहितेय. तुमचा पत्ता त्यांच्या डब्यातल्या पाकिटावरून घेतला. माझ्या लिहिण्यात चुका असतील.

बाईंनी चूल सोडली आहे. तुमचं ते पानं कमी पडल्याचं पत्र आल्यावर त्या म्हणाल्या, "बघ, माझं मन राखायला खोटं बोलतोय. म्हणजे जेवण खरंच वाईट होतं. पोर माझ्याशी कधी खोटं बोललेलं नाही." त्या दिवसापासून रस्सा केला की वाटी घेऊन टेबलाटेबलावर जायच्या, मीठ आहे का, आंबट लागतंय का विचारायच्या. लोक चांगलं आहे म्हणायचे. त्यांना पटायचं नाही. एकदा तर भरलेलं पातेलं मोरीत ओतलं. त्यात काही बिघडलं नव्हतं, मी चाखलं होतं. एकोणीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली आहे, मला चव कळते.

आता एक आचारी ठेवलाय. तो गडी बरा आहे, पण हात जड आहे. बाई दाराशी खुर्ची टाकून बसतात. तुमची गोष्ट कोणी सांगा म्हणालं तर सांगतात, पण शेवटी म्हणतात, "पोराने नात्याला बघितलं नाही, चवीला बघितलं." अभिमानाने म्हणतात. मला ते ऐकवत नाही.

टायरवाल्याला त्यांनी शब्द दिलाय, एक तारखेपासून जागा त्याची. अजून काही लिहून दिलेलं नाही.

दादा, तुम्ही आला होतात तेव्हा मी मागच्या टेबलाला वाढत होते. त्या चष्मेवाल्या बाई तुम्हाला म्हणाल्या, "त्या आजी तुमच्याकडे बघताहेत, ओळखतात का तुम्हाला?" तुम्ही म्हणालात, "छे. अशा ठिकाणी नवा माणूस आला की बघत बसतात." बाईंना हळू बोललेलं ऐकू येत नाही, मला येतं. मी त्यांना सांगितलेलं नाही. मी सांगणारही नाही. तुम्ही काय ते बघा.

चिमणी


रविवार, १६ जून

आत्या,

हे पत्र एकटी असताना वाच. सोबत जानेवारीत लिहिलेलं एक पत्र आहे, ते आधी वाच. तेव्हा टाकण्याची हिंमत झाली नव्हती.

वाचलंस? आता राहिलेलं लिहितो.

त्या दिवशी तुझं जेवण उत्तम होतं. मी आत्तापर्यंत तुझ्याशी जे बोललो त्यातलं काहीही खरं मानू नकोस, पण हे मान. महिनाभरात आम्ही जिथे जिथे जेवलो त्यातलं ते सगळ्यात चांगलं जेवण होतं. संपादिकेने रस्सा दुसऱ्यांदा मागितला, तो तूच वाढलास. फोटो काढणाऱ्याने फोटो काढायच्या आधीच मासा संपवला, म्हणून तुझ्या ताटलीचा फोटोच नाही. गाडीत बसल्यावर संपादिका म्हणाली, "हिला अख्खं पान देऊ. हिची मुलाखत घ्या, कुठे शिकली, घरी कोण आहे." घरी कोण आहे!

बैठकीत मी म्हणालो, जागा साधारण आहे. म्हणालो, एकदा चांगलं जमलं म्हणजे रोज जमत असेल असं नाही. म्हणालो, आपल्या वाचकाला टायरच्या ओळीतून चालत जायला आवडणार नाही. हे तिन्ही मुद्दे मी आदल्या दिवशी वहीत लिहून नेले होते. संपादिका बराच वेळ वाद घालत होती. मी हटलो नाही. चवीच्या बाबतीत ती माझा शब्द मानते, म्हणून शेवटी गप्प बसली. म्हणजे तुझ्याचकडे बसून जी जीभ तयार झाली, तिचाच शब्द मी तुझ्याविरुद्ध वापरला. पानं कमी पडली नव्हती. शेवटची दोन पानं कोरी आहेत, बघ.

प्रस्तावनेतली आत्या सूनबाईंची नाही. कोणाचीच नाही.

आणखी एक. संपादिकेने मला विचारलं होतं, या आजी तुम्हाला ओळखतात का. मी छे म्हणालो, आणि पुढे असं काही म्हणालो की जे इथे परत लिहिण्याचं धाडस होत नाही. हवं तर चिमणीला विचार, तिने ऐकलंय. तिच्यावर रागावू नकोस. तिने मला लिहिलं म्हणून मी हे लिहितोय. तिने लिहिलं नसतं तर लिहिलं असतं का? असतं असं मला म्हणावंसं वाटतं. पण पाच महिने माझ्या हातात होते, तेव्हा मला तसं म्हणायचा हक्क नाही.

मी काल संपादिकेला एवढंच कळवलं की त्या खानावळीबद्दलचं माझं मत चुकीचं होतं आणि ते मी जाणूनबुजून चुकीचं दिलं. आपलं नातं सांगितलं नाही. ते तुझंही आहे, तुला विचारल्याशिवाय कसं सांगू, असं मनाला सांगितलं. हे वाक्य लिहिताना कळतंय की यातही मी तुझ्याच मागे लपतोय. तरी ते तुझ्यावर सोडतो. तू सांग म्हणालीस तर त्याच दिवशी सांगेन.

जागा देऊ नकोस. तुझ्या हाताला काही झालेलं नाही. माफी मागायची म्हटलं तर कशाकशाची मागू, यादी करत बसलो तर तेही स्वतःचंच कौतुक होईल. म्हणून मागत नाही.

ठोंब्या


शुक्रवार, २८ जून

पत्र मिळालं. दोन्ही वाचली.

आधी आनंद झाला. का खोटं बोलू? दुसऱ्यांदा रस्सा घेतलेला मला आठवत होता, पण मला वाटत होतं, शहरातल्या बायका भिडेखातर घेतात. वाचून उठले, आचाऱ्याला म्हटलं, सरक. त्याला काही कळेना. म्हटलं, तू भाज्या चीर, फोडणीला हात लावू नकोस. दुपारभर मीच केलं. बसवाले म्हणाले, "आत्या परत आल्या!" टायरवाल्याला निरोप पाठवला, जागा नाही मिळणार. तो कुरकुरला. म्हणाला, बायकांच्या शब्दाला काही अर्थ नसतो. म्हटलं, असतो, पण हा शब्द मी भलत्याच माहितीवर दिला होता.

तर दुपारपर्यंत तुझं अर्धंच पत्र मला पुरलं. सगळे जेवून गेले, भांडी झाली, बाकावर बसले, तेव्हा उरलेलं अर्धं कळायला लागलं. चिमणीला विचारलं, काय म्हणाला होता तो? ती सांगेना. म्हटलं, सांग नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. मग तिने सांगितलं, माझ्या कानाजवळ येऊन, मोठ्याने. तिला दोनदा सांगावं लागलं, पहिल्यांदा मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

पाच महिने मी ती गोष्ट सांगत होते, ठोंब्या. दिवसातून कधी कधी तीनदा. लोकांना हसवत होते. किती जणांना सांगितली याचा हिशेब नाही, नाहीतर एकेकाकडे जाऊन परत घेतली असती. आता कोणी सांगा म्हणालं की मी ऐकू न आल्यासारखं करते. तेवढा कानांचा उपयोग झाला.

खोक्याचं वाचलं. तू खोक्यावर बसायचास कारण तुला खुर्चीवर बसवलं की तू जेवायचा नाहीस. आत, माझ्याजवळच हवं असायचं. बाहेर बाक रिकामे असायचे तेव्हाही. हे तू विसरलास की तुला लिहायचं नव्हतं, मला माहीत नाही.

काल तुझ्या संपादिका आल्या. एकट्याच. भर दुपारी, एक टेबल रिकामं नव्हतं, तर बसवाल्यांच्या बाकावर अंग चोरून बसल्या. रस्सा, भात, मासा, सगळं घेतलं. मग मला बोलावलं आणि काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं नाही. त्यांनी परत विचारलं. शेवटी उठून माझ्या कानाशी तोंड आणून ओरडल्या, "आमचे लेखक, ज्यांनी तुमचं नाव गाळलं, ते तुमचे कोणी लागतात का?"

सगळ्या खानावळीला ऐकू गेलं. जेवणारे थांबले. बसवाले तर हसायच्या तयारीत वळून बसले, त्यांना वाटलं आता ती गोष्ट सांगणार. चिमणी पातेलं हातात घेऊन उभी. सगळे माझ्या तोंडाकडे बघताहेत.

मी संपादिकांच्या वाटीत रस्सा वाढला. पाणी ओतलं. टेबलावर काही सांडलं नव्हतं, तरी फडक्याने पुसलं. मग म्हटलं, "भाचा आहे माझा. मीच वाढवला."

त्यांनी वाटीतला रस्सा संपवला. पुढे तुझं तिथे काय होईल ते तुझं तू बघ. पुस्तकात नाव घालतो म्हणाल्या, तर मी म्हटलं, परत या, दोन-तीनदा जेवा, मग ठरवा.

पण मी हे पत्र लिहिलं ते त्यासाठी नाही. भाचा आहे असं मी म्हटलं, पण लगेच नाही म्हटलं. आधी वाढलं, ओतलं, पुसलं, मग म्हटलं. तू माझा कोण असं कोणी विचारलं तर मला कधी एवढा वेळ लागला नव्हता. तेवढ्या वेळात माझ्या मनात काय आलं, ते तुला कळेल, तूही एकदा इथेच बसून 'छे' म्हणाला होतास. दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं तर कळलं नसतं.

आत्या